सुगरण मोठी की बाभूळ

माझ्या मामेसासऱ्यांइतका बाभळीचा कैवारी अख्ख्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या मळ्यात विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती आणि तिला सुगरणींचे वीस-पंचवीस खोपे लोंबत. येणारा-जाणारा खोप्यांचं कौतुक करी आणि मामांचं पित्त खवळे. "नांगर बाभळीचा, दातवण बाभळीचं, शेरडांस्नी शेंगा बाभळीच्या, बाळंतिणीच्या लाडवात डिंक बाभळीचा. सुगरण काय देती? नुसती चिवचिव!" एकदा शाळेच्या समारंभात कुणा साहेबांनी सुगरणीच्या कारागिरीवर भाषण ठोकलं, तर हे मधेच उठून म्हणाले, "सायेब, पर फांदी कुणाची?" साहेबांनी भाषण तिथंच आटोपतं घेतलं.

अशा माणसाच्या हाती माझं लग्न होतं! आई-बाप लहानपणीच गेलेली भाची त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली होती. एकसष्ट-बासष्टच्या श्रावणात मी सांगलीहून तिला बघायला गेलो. पोह्यांची बशी देताना ती जराशी हसली आणि मी तिथंच गारद झालो. तेवढ्यात मामा मला विहिरीवर घेऊन गेले. आधीची तीन स्थळं त्यांनी तिथूनच परत धाडली होती, हे मला एसटी स्टँडवरच कळलं होतं.

"बोला पावणं, सुगरण मोठी का बाभूळ?"

'बाभूळ' म्हणायचं मी घोकून आलो होतो. पण समोर एक नर अर्धवट खोप्याला लोंबकळत पंख फडफडवत होता, मादी आत डोकावून बघत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुगरण." मेलो! आता निस्तरणं आलं.

"मामा, हा नर अर्धाच खोपा विणतो. मग मादीला दाखवतो. तिला पसंत पडला तरच पुरा करतो. आधी तिला विचारतो, एवढंच."

मामांनी मान वर करून त्या अर्धवट खोप्याकडं बघितलं. मग तिथूनच घराकडं तोंड करून मामींना ओरडून म्हणाले, "अगं, पोरीला कुनी इचारलंय का?"

चार स्थळं झाली, पण ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात येऊन मामांनी तिला समोर बसवलं. "पोरी, ह्यो पावना तुला पसंत हाय का? भिऊ नगंस. न्हाई म्हनलीस तरी..."

"व्हय," ती म्हणाली.

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "जरा इचार तरी करायचा हुतास गं," ते हळूच म्हणाले.

मी खुशाल हसलो. पंचविशीत होतो, जिंकलो होतो. त्यांच्या तोंडाकडं नीट बघायचं मात्र राहूनच गेलं.