कागदावर काढलेलं घर

कुंदाताईंची आणि माझी ओळख मी केलेल्या चुकीतून झाली. मुलुंडच्या रुग्णालयात त्या किरणोत्सार सुरक्षा अधिकारी होत्या आणि मी तीन दिवसांपूर्वी लागलेला तंत्रज्ञ. थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीनची गोळी घेतली, की पुढे काही दिवस पेशंटच्या अंगातून किरणं निघत राहतात. म्हणून घरी गेल्यावर वेगळं झोपायचं, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं. खारदांड्याला मासळी विकणाऱ्या हिराबाईंना हे सगळं मी वाचून दाखवलं, सही घेतली. गोळी दुसऱ्या दिवशी होती.

ताईंनी सहीकडे पाहिलंही नाही. कागद उलटा करून त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचं घर काढा. कोण कुठं झोपतं तिथं फुली मारा."

हिराबाईंनी एकच चौकोन काढला आणि त्यात चार फुल्या मारल्या. एक फुली त्यांच्या फुलीला चिकटून होती.

"ही कोण?"

"सून. सातवा लागलाय तिला. सांगितलं तर तुम्ही गोळी देनार नाय, म्हनून बोलले नाय."

घरात कोण कुठं झोपतं, हे मी विचारलंच नव्हतं. ताईंनी मात्र शांतपणे विचारलं, "ओटी कधी भरताय?" ओटी रविवारी होती आणि त्यानंतर सून बाळंतपणासाठी माहेरी जाणार होती. ताईंनी डॉक्टरांशी बोलून गोळी आठवडाभर पुढे ढकलली. "आधी ओटी भरा, सुनेला पाठवा, मग या. तोवर मासे बंदच हं, आयोडीन असतं त्यात, मग गोळी नीट लागू पडत नाही."

"ओटीच्या जेवनालापन?"

"तेव्हापण."

माझी चूक ताईंनी कुणालाही सांगितली नाही. मला एवढंच म्हणाल्या, "नियम पाठ आहेत तुला. आता घरं शिक." तेव्हापासून आमच्या सूचनापत्रावर अर्धं पान कोरं असतं.

काही महिन्यांनी हिराबाई सुनेला आणि नातीला घेऊन आल्या. बाळ चाळीस दिवसांचं झालं होतं आणि आजीने त्याला अजून हात लावला नव्हता. मुदत कधीच संपली होती, पण भीती संपली नव्हती. ताईंनी समजावत बसण्याऐवजी किरणं मोजायचं मीटर आणलं. आधी रिकाम्या खोलीतला आकडा दाखवला, मग हिराबाईंच्या गळ्यापाशी धरून दाखवला. दोन्ही सारखेच.

"आता घ्या तिला," ताई म्हणाल्या.

हिराबाईंनी आधी पदराला हात पुसले. मग नातीला घेतलं आणि कितीतरी वेळ खालीच ठेवलं नाही. इतकी वर्षं मशिनं हाताळतोय, पण त्या दिवशी जे पाहिलं त्याने मी आजही थक्क होतो.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अजून पुष्कळ घरं त्यांच्यासमोर कागदावर उतरायची आहेत.