कोतवाल बुकातली मुलगी

घाना नेमका कुठे आहे, ते नोकरीचं पत्र आल्यावर मी शाळेच्या नकाशात शोधलं, आणि तो सापडलाच नाही. पुसदच्या ज्या शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवायचो, तिथला नकाशा इंग्रजांच्या काळातला. त्या जागी 'गोल्ड कोस्ट' छापलेलं आणि वर तांबडा रंग. तो देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं उलटली होती, पण आमच्या शाळेला त्याची खबर नव्हती. मी शिसपेन्सिलीनं तिथे 'घाना' लिहिलं. भूगोलाचे मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, शाळेचा नकाशा खराब केला म्हणून.

तिकडे विज्ञानाचे शिक्षक पाहिजेत, अशी पेपरात जाहिरात होती. अर्ज केला, मुंबईला मुलाखत झाली, निवड झाली. दोन महिन्यांत पासपोर्ट काढून कागद पाठवायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

का जायचं होतं, ते सांगून टाकतो. शाळेत माठाजवळ सगळ्या शिक्षकांचे पेले उपडे घातलेले असायचे. माझा पेला खिडकीत. कोणी कधी तोंडातून शब्द काढला नाही. शिपाई तर मोठ्या अदबीनं "सर, पाणी" म्हणून तोच खिडकीतला पेला भरून आणायचा. छप्पन्नच्या दीक्षेनंतर आम्ही बौद्ध झालो होतो, पण पेल्याला ते कोण सांगणार? मी मूळचा भांडकुदळ माणूस, आणि इथे भांडायला कोणी समोरच यायचं नाही. माझं आडनाव ऐकून ज्याला काहीच समजणार नाही, अशा माणसांत मला जायचं होतं. एवढंच पाहिजे होतं, पण फार पाहिजे होतं.

तयारी सुरू झाली. नागपूरला जाऊन पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली. लोखंडी पेटी रंगवून आणली. पुसदच्या शिंप्यानं गरम कोट शिवायचा हट्टच धरला. मी म्हटलं, "अरे बाबा, तिथे आपल्या यवतमाळसारखं ऊन असते." तो म्हणाला, "असन सर, पण फारीन आहे न?" कोट शिवला गेला. महागावच्या पलीकडे आमचं गाव, तिथे मायला एकच चिंता. "तिकडं जवारी भेटते का?" उत्तरेच्या भागात पिकते, असं मी वाचून सांगितलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. "मंग आपल्यासारकेच लोक असतीन," ती म्हणाली.

पासपोर्टच्या अर्जात 'ओळखीची खूण' असा रकाना होता. माझी खरी खूण म्हणजे उजव्या नाकपुडीचं भोक, लहानपणी टोचलेलं, आता बुजत आलेलं. ते लिहायची मला लाज वाटली. मी हातावरचा तीळ लिहिला.

यवतमाळच्या कचेरीतल्या बाबूनं अर्ज चाळला आणि मान हलवली. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर माझी जन्मतारीख एक जुलै होती. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच, कारण ती गुरुजींनी लावून दिलेली. बाबू म्हणाला, "मास्तर, अख्खं गाव एकाच दिवशी बाळंत झालं होतं काय? कोतवाल बुकाची नक्कल आणा."

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूचं सरकारी पुस्तक. मी मनातल्या मनात हसलो, कारण आमच्या गावचा कोतवाल माझा बापच होता. पंचवीस-तीस वर्षं गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते ध्यानात ठेवायचं आणि पायी जाऊन पोलीस ठाण्यातल्या मुन्शीला सांगायचं, हे त्याचं काम. माझ्या बाला लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा, मुन्शी लिहायचा. दीक्षा घेतल्यावर बानं ती कोतवालकी सोडली, काठी पाटलाच्या ओट्यावर ठेवून आला. पण एक गोष्ट तो त्यानंतरही छातीवर हात ठेवून सांगायचा, की माह्या हातून एकबी नोंद चुकली नाही.

पुसदच्या तहसिलीत जुनी पुस्तकं होती. तिथल्या कारकुनानं माझ्या जन्माचं वर्ष काढलं, मागचं काढलं, पुढचं काढलं. मग एका ओळीवर बोट ठेवून तो हसायला लागला. बापाचं नाव बरोबर, जात बरोबर, गाव बरोबर. पुढे लिहिलं होतं, 'मुलगी'.

"मास्तर, तुमच्या बापाले तर पोरगी झाली," तो म्हणाला. "तुमी कुठून आले?"

मी गावी गेलो आणि विचारलं, "मले बहीण होती काय?" माय बाच्या तोंडाकडे पाहू लागली. बा उठला आणि ज्या बकरीपुढे आधीच चारा होता तिला आणखी चारा टाकायला गेला.

शेवटी मायनंच सांगितलं. "तुह्या आंधी दोन गेल्ते, बाबू. दोन्ही पोट्टेच. मंग तू झाला. म्हाताऱ्या बाया म्हने, पोरगा झाला म्हनून सांगू नोका, नाक टोचा, पोरगी म्हना. आमी अख्ख्या गावाले पोरगीच सांगतली."

"गावाले सांगतली ते ठीक. सरकारी पुस्तकात कायले लिहिली?"

बा बकरीकडेच पाहत बोलला. "पुस्तकात पोरगा लिवला असता तं तिले मालूम पडलं असतं."

ती म्हणजे सटवाई. पाचवीला येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहिणारी, आणि मनात आलं तर लेकरू, त्यातही पोरगा, नेणारी. दीक्षेपासून आमच्या घरात तिचं नाव घेत नव्हते.

माझं डोकंच फिरलं. "बा, बह्याड झाला होता काय तू? सटवाई ठाण्यात येऊन रजिस्टर वाचते?"

"लिवता येते तिले," बा म्हणाला. "तं वाचता बी येतच असन."

मी तीन मैल तणतणत चालत महागावला आलो आणि एसटी धरली. माझा घाना त्या एका शब्दात अडकून पडला होता.

कारकून तसा भला होता. त्यानं वाट दाखवली. वडिलांनी नायब तहसीलदारांपुढे येऊन सांगायचं की झाला मुलगाच, मुन्शीनं ऐकण्यात चूक केली. मुन्शी मरून कितीक वर्षं झाली होती, त्याचं आता काय जाणार? मी बाला हे सगळं पढवलं. बानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यानं म्या सांगतलं तेच लिवलं. मेलेल्या मानसावर कायले ढकलू?"

"मंग माहं जाणं राहू देऊ काय?"

"म्या येतो न."

ठरल्या दिवशी बा धुतलेलं धोतर नेसून आला. त्या कचेरीच्या व्हरांड्यात तो आयुष्यभर उभा राहिला होता. साहेबांनी खुर्ची दाखवली, तेव्हा आधी त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बसला, अगदी कडेवर.

"बोला," साहेब म्हणाले.

"पोरगाच झालता साहेब. दोन मेले होते, म्हनून भेलो. खोटं सांगतलं. मुन्शीची चूक नाही."

कारकुनानं कपाळावर हात मारला. जाणूनबुजून खोटी नोंद, तीही कोतवालानंच केलेली, म्हणजे आता संपलंच सगळं. साहेबांनी विचारलं, "आणखी किती नोंदी खोट्या सांगितल्या?"

"हे एकच."

साहेबांनी जबाब लिहून घेतला आणि तांबड्या शाईची दौत पुढे ओढली. टाक बुडवला, तेवढ्यात बा खुर्चीतून अर्धा उठला.

"साहेब, एक इनंती हाय. हे पोरगा वापस आल्यावर केलं तं नाही जमनार?"

सगळी कचेरी हसली. साहेबही हसले. "अहो, हे केल्याशिवाय तो जाईलच कसा?"

"हो," बा म्हणाला, "ते बी हाय." आणि बसला.

'मुलगी' या शब्दावर रेघ पडली. बाजूला तांबड्यात 'मुलगा' आलं. बानं जबाबाखाली सही केली. दीक्षेनंतर मीच त्याला सही शिकवली होती, एकेक अक्षर गिरवून. एरवी तो ती मोठ्या ऐटीत करायचा. त्या दिवशी शेवटचं अक्षर कागदाबाहेर टेबलावर गेलं.

खरं सांगतो, मला भयंकर राग आला होता. देव सोडले, गंडेदोरे सोडले, आणि चार लोकांत हे! बाहेर आल्यावर मी बोललोही, जरा जास्तच. बानं सगळं ऐकून घेतलं.

"म्या मानत नाही आता, बाबू," तो म्हणाला. "भेव मातर जात नाही."

मग त्यानं हॉटेलात चहा मागवला आणि आम्ही तो प्यालो.

मी घानाला गेलो. गरम कोट पेटीतून एकदाही निघाला नाही. चार वर्षं मुलांना गणित आणि विज्ञान शिकवलं. तिथेही शिक्षकांच्या खोलीत पाण्याचं मडकं होतं आणि एकच पेला होता. पहिल्या दिवशी मी तो कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

परत आलो तेव्हा बा महागावच्या स्टँडवर उभा होता, पार वाकलेला. पेटी उतरवून देणाऱ्या कंडक्टरला तो विचारल्याशिवायच सांगायला लागला, "माहा पोरगा हाय हा. पोरगा." मग पानवाल्याला सांगितलं. मग गावाकडे निघालेल्या एका बैलगाडीवाल्याला थांबवून सांगितलं. मला अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं काही ठिकाणावर नाही.

घरी बा बाहेर हातपाय धूत होता, तेव्हा मी मायला विचारलं, की हा असं काय करून राह्यला.

मायनं माझ्या ताटात भाकर टाकली. "करू दे. चार साल झाले, तोंडातून पोरगा म्हनून शबुद नाही काढला त्यानं. नव्या मानसानं इचारलं, लेकरंबाळं किती, तं सांगे, एक पोरगी हाय, लय दूर देली."