माळ्यावरचं इंग्रजी

राहुरीच्या एसटी स्टँडवर अण्णा, माझे वडील, मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या कमरेला गोफण तशीच खोचलेली होती. ज्वारी हुरड्यात आलेली, पाखरं उतरायची वेळ झालेली आणि राखणीला आता ते एकटेच. गाडी हलायच्या आधीच ते शेताकडे निघाले. ती पाठ मला आजही दिसते.

माझं इंग्रजी त्या राखणीतच तयार झालं होतं. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं, मोठ्याने वाच, जीभ वळेल. मी शेतातल्या राखणीच्या उंच माळ्यावर उभा राहून पुस्तकातली वाक्यं पाखरांवर ओरडायचो. खालचा ओठ दातांखाली धरून 'व्हिलेज', ओठांचा चंबू करून 'वॉटर'. पलीकडून अण्णांची आरोळी यायची, "नाम्या, पाखरं इंग्रज न्हाईत रं! मराठीत हाकल!"

पुण्यात एका इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून महिनाभर बघून मला कायम करणार होते. पहिल्या तासाला मी तोंड उघडलं आणि खिडकीतली कबुतरं उडाली. मुलं हसली. मागे बसलेल्या मुख्याध्यापिका नंतर शांतपणे म्हणाल्या, "उच्चार चांगले आहेत. पण तुम्ही हाकलताय कोणाला? शनिवारी पुन्हा येऊन बसेन. असंच राहिलं तर दुसरा माणूस बघावा लागेल."

राखण टाकून आलेला मी, परत कोणत्या तोंडाने जाणार? खोलीत भिंतीपासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन बोलत राहिलो. ओठांपुढे तळहात धरायचा. 'पेन' म्हणताना हाताला वाफ लागली पाहिजे, पण शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाता कामा नये. शनिवारी त्या पुन्हा मागे येऊन बसल्या. मी बोललो. कबुतरं जागची हलली नाहीत. नोकरी राहिली.

मग सुट्ट्याही जादा तासांत गेल्या. दोन वर्षांनी शिमग्याला गावी आलो. अण्णा खळ्यावर ज्वारी उफणत होते. बांधावरून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा मारली, जीव तोडून मारली, पण आवाज वर चढेचना. शेवटी डोळ्यांवर हात धरून ते ओरडले, "कोन पाव्हणं? जवळ या, आयकू येत न्हाई!"

मी जवळ गेलो. "तू व्हय!" ते हसले. "आवाज कुठं ठिवून आलास?"



अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही मला विचारता, हा बांधावरून हाक का मारत नाही, थेट जवळ येऊनच का बोलतो? माझ्यासारखे बाहेर पडलेले कदाचित ओळखतील. घर म्हणजे मला आता बांध ते खळं, एवढी वाट. ती मी चालून येतो. मगच बोलतो.