नाक्यावरच्या लोंब्या

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. बायकोपुढं नाही, देवापुढं तर नाहीच — देवापुढं कुठल्या तोंडानं जाणार? तेच तर सांगायचं आहे. पण एकदम जमत नाही बघ. जरा आडवाटेनं येतो, चालवून घे.

मी कानडी मुलखातल्या जोयड्याकडच्या एका जंगलनाक्यावर राखणीला असतो. आडवा बांबू, त्याला दोरी, पत्र्याची खोली, एक खुर्ची. जीप आली की वही पुढं करायची, सही घ्यायची, दोरी सोडायची, बांबू वर. काम ते केवढं! पण अंगावर खाकी आली आणि वाडीतली माणसं मला अहो-जाहो करायला लागली — ते डोक्यात गेलं. हरभऱ्याच्या झाडावर चढलो म्हण ना.

नाक्याच्या आत, जीपचा रस्ता सोडून खाली उतरलं की आमचं देवाचं रान. तिथं कुणी कुऱ्हाड चालवत नाही. रानाच्या पोटात राखणदाराचा, म्हणजे आमच्या देवाचा, दगड. भादव्यात शेतात पहिल्या लोंब्या पिवळ्या झाल्या की त्यातल्या मूठभर त्या दगडापुढं ठेवायच्या, आणि मगच वाडीत नवा भात शिजायचा. तोवर घरात दाणा नसला तरी नव्याला हात नाही. ठेवायचा मान आमच्या घरातल्या बाईचा. आई लवकर गेली, म्हणून तो काकीकडं — माझ्या चुलत्याची बायको. तिनंच मला पेज भरवून वाढवलं. लहानपणी तिच्या कडेवर बसून मी त्या दगडापाशी गेलोय. वाट मात्र कधी नीट बघितली नाही. कडेवरच्या पोराला वाट कशाला लागते?

तर — नोकरी लागल्यावर पहिलंच नवं आलं. सकाळची वेळ. शहरातल्या पाहुण्यांची जीप उभी होती. गॉगल, कॅमेरे, बिस्किटांचे पुडे. मी ताठ उभा राहून सर-मॅडम करत होतो. तेवढ्यात काकी आली. अनवाणी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायाला शेतातला चिखल, हातात सागाच्या पानात लोंब्या. आणि लांबूनच हाक — "ए बाळग्या, बांबू वर कर रं!"

जीपमधले हसले. वाईट नव्हते हसले, नुसतेच हसले. मॅडमनी विचारलं, ही तुमची कोण?

मी म्हणालो, कुणी नाही, गावातली आहे.

कुणी नाही! ऐकलंस?

तेवढ्यावर थांबलो असतो तर… पण नाही. वळून काकीला म्हणालो, "आत जायाचं बंद झालंय. वरनं आर्डर आलीया." कुठली ऑर्डर? कुणाची? उलट खोलीतल्या भिंतीवर कानडीत कागद चिकटवलेला होता — गावच्या लोकांना पूजेला अडवू नये म्हणून. त्याच्याखाली बसून मी रोज डबा खात होतो. काकीला वाचता येत नव्हतं, मला येत होतं. मला तिला फक्त तिथून घालवायचं होतं, पाहुण्यांच्या समोरून, लवकर. आग लागो असल्या जिभेला.

भांडली असती तर बरं झालं असतं. एरवी भांडायला ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण माझ्यावर तिचा भरवसा. "सरकारचं हाय म्हंजे असंल," म्हणाली. "तू तर आत जातोस न्हवं? तूच ठेव." पान माझ्या हातात दिलं, तिथूनच रानाकडं बघून हात जोडले आणि गेली.

मी पान खिडकीत ठेवलं. ठेवणार होतो का देवापुढं? ठाऊक नाही — खरंच ठाऊक नाही. जीप परत आली तेव्हा मॅडमना त्या लोंब्या फार आवडल्या. मी देऊन टाकल्या. त्यांनी त्या जीपच्या आरशाला बांधल्या, फोटो काढला. त्यात मीही हसतोय.

संध्याकाळी घरी गेलो तर काकी उंबऱ्यात बसलेली. नवे तांदूळ धुऊन ठेवलेले, चूल थंड. "पोचलं?" एवढंच तिनं विचारलं.

"पोचलं," मी म्हणालो.

तिनं चूल पेटवली. मग वाडीतल्या बाकीच्या चुली पेटल्या.

पुढं काय, एक खोटं झाकायला दुसरं. ऑर्डर नव्हती म्हणावं तर मग लोंब्यांचंही बोलावं लागणार. दरसाल काकी बांबूपर्यंत यायची, पान माझ्या हातात द्यायची, आत डोकावायचीसुद्धा नाही. काकीबरोबर जाणाऱ्या बायकाही थांबल्या. एका साली मी लोंब्या खोलीमागं टाकल्या, एका साली कुणाच्या बैलानं खाल्ल्या. आणि जीपवाल्यांना मी बांबू वर करता करता सांगायचो — पुढं डावीकडं बघा, इथल्या लोकांचं देवाचं रान आहे, फार जुनं! त्यांनी रस्त्यावरून फोटो काढले. ज्यांचं रान त्यांना मी बाहेर ठेवलं. आणि काकी वाडीभर सांगत फिरायची, आपला बाळग्या नाक्यावर हाय म्हणून देवाचं पोचतंय तरी.

यंदा काकीचे गुडघे गेले. लोंब्या बायकोनं आणून दिल्या. का कुणास ठाऊक, या वेळी मन फार खायला लागलं. गेलो. शपथ घेऊन सांगतो, खरंच गेलो. जीपचा रस्ता सोडून खाली उतरलो — आणि वाटच नाही. पायवाट पायांनी राहते, आणि पाय तर मीच थांबवलेले. कारवी डोक्याच्या वर, वेताचे काटे, बुटात जळवा. दुपारपर्यंत फिरलो. दगड पुष्कळ दिसले. एकावर शेवाळ, एक मुळांत अर्धा गेलेला. आमचा कुठला? खूण एका काकीलाच ठाऊक, आणि तिला विचारणार कसं? इतकी वर्षं तिथं जात होतो ना मी!

लोंब्या खिशात घालून परत आलो.

काकी भिंतीला टेकून बसली होती. बायको तांदूळ धुऊन चुलीपाशी उभी.

"पोचलं?"

"पोचलं."

काकीनं वर बघून हात जोडले. मग बायकोला म्हणाली, "आता पुढच्या सालापासनं मान तुजा, पोरी. आर्डर काय जलमभर ऱ्हाती व्हय? उठली की ह्यो नेईल तुला. वाट ह्येला म्हायती हाय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

पहिला भात माझ्या ताटात पडला. खिशातल्या लोंब्या मांडीला टोचत होत्या. मी जेवलो.