नव्वदवाल्याले पुढं घे

मी राजापेठेत राहणारी नेटवर्क इंजिनिअर. अंगात येणं, संकेत मिळणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... पण हे माझ्यासमोर घडलं, भर दुपारी.

मूर्तिजापूरच्या एका छोट्या दवाखान्यात नवं ईसीजी मशीन बसवलं होतं. त्याचे रिपोर्ट अकोल्याच्या हार्टच्या डॉक्टरांना थेट जायला हवेत, पण जात नव्हते, म्हणून मला बोलावलं. मी पोचले, आणि पाठोपाठ फुलशेती करणाऱ्या गेंदामावशींना छातीत कळ आली म्हणून त्यांचा मुलगा घेऊन आला. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मोबाइलवर ईसीजीचा फोटो पाठवला. लगेच अकोल्याहून फोन — "रेषा नीट दिसून नाही राहिल्या. अंदाजानं इंजेक्शन नाही देता येत, मशीनवरूनच पाठवा!"

मी केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला. काही नाही! राउटरमध्ये एक यादी असते — कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं. त्यात नव्या मशीनला परवानगी दिलेली होती. मग अडतंय कुठं?

"ताई, लवकर करा ना वो..." मुलगा रडकुंडीला आला होता.

मशीनची पिन पुन्हा बघायला वाकले, तोच मावशींनी माझं मनगट धरलं. डोळे मिटलेले, आवाज मात्र खणखणीत — "पोरी, नव्वदवाला मांगं उभा हाय. त्याले पुढं घे. समोरचा त्याले जाऊ देऊन नाही राहिला."

मी बाजूच्या खोलीत लॅपटॉपकडे धावले. मशीनची परवानगी खरंच नव्वद नंबरच्या ओळीत होती! आणि तिच्या वर, चाळीसवर, ईसीजीच्या खोलीतली सगळीच यंत्रं अडवणारी जुनी ओळ. राउटर यादी वरून वाचतो. पहिली लागू पडणारी ओळ सापडली की खाली बघतच नाही. मी नव्वदची ओळ उचलून चाळीसच्या वर ठेवली...

अकोल्याहून फोन खणाणला. "आला, आला! अटॅकच हाय मॅडम, द्या इंजेक्शन!"

मी अक्षरशः ओरडले! मॅडमच्या हातात सिरिंज तयारच होती. संध्याकाळी अकोल्याच्या आयसीयूत मावशी चहा मागत होत्या.

नंतर त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "नव्वद? म्या कवा म्हनलं वो? मले त निस्ती कळच याद हाय."

मी तो आकडा तोंडातून काढला नव्हता. लॅपटॉप भिंतीपलीकडे होता. ऑफिसातले म्हणतात, योगायोग. असेल... पण नव्वदच कसा, ते त्यांना सांगता येत नाही, आणि मलाही नाही. मावशी मात्र ठणठणीत आहेत. परवाच फोनवर मला झापलं — "येतो येतो म्हनतं, मंग जेवाले येऊन काहून नाही राहिली?"