दोन प्रल्हाद आणि बहिरे काका

माझा भाचा प्रल्हाद आमच्या घरी पहिल्यांदा आला, तेव्हा तो आधीच आतमध्ये आमरस खात बसला होता.

थांबा, नीट सांगते. हे असं होतं माझं. गोष्ट सांगायला बसले की आधी शेपूटच हाती येतं!

बीटी कापूस नवा नवा आला होता, तेव्हाची गोष्ट. त्याआधी लागोपाठ दोन हंगाम बोंडअळीनं आमची पऱ्हाटी (म्हणजे कपाशीचं झाड हो) पार पोखरून टाकली होती. अशात कुणीतरी सांगितलं की नव्या बियाण्याला अळी लागतच नाही. मग काय विचारता! लग्नाच्या पंगतीत नवरी कशी आहे हे राहिलं बाजूला, आधी प्रश्न, "बीटी भेटलं का बीटी?" चिखलीच्या दुकानांपुढं दिवस उजाडायच्या आत रांगा. माणसं रांगेत चपला ठेवून चहाला जात. आमचे हे रोज पहिल्या गाडीनं जायचे आणि रोज रिकाम्या हातानं परत यायचे. त्यांच्यापेक्षा त्यांची चप्पलच त्या रांगेत जास्त वेळ उभी राहिली असेल!

आज हसून सांगते, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. मृग तोंडावर आलेला. बियाणं खोटं निघालं तर पुन्हा पेरायला हातात काही नाही, आणि पुन्हा पेरलं नाही तर वर्ष गेलं. आमच्याच गावात एका घरी असंच झालं होतं. त्या घरची बाई हापशीवर पाण्याला आली की आम्ही बायका आपला नंबर सोडून तिला पुढं करायचो.

आता दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं सुनेला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, माहेरच्या गावानं मारतात. मी उंद्रीची, म्हणून उंद्रीवाली. माझं खरं नाव गावात निम्म्या लोकांना आजही माहीत नसेल. हापशीवर दिवसभर पुकारा, "ओ उंद्रीवाली, तुहा नंबर आला!" म्हणजे माझं माहेर कोणतं हे शोधायला ठगाला डोकं नको, नुसते कान असले तरी पुरे.

आणि माझं माहेर तेव्हा फार पातळ झालं होतं. आई-बाबा गेलेले, सख्खा भाऊ नाही. चुलत शंकरदादा होता, पण तो त्याच्या संसारात. किती वर्षं झाली, उंद्रीचं कुणी माझ्या उंबऱ्यावर आलं नव्हतं. उंद्रीची पाटी लावलेली एस.टी. दिसली तरी माझा जीव वरखाली व्हायचा.

अशा बाईच्या दारात एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात मोठी पिशवी घेतलेला एक तरणाबांड पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "उंद्रीवाल्या आत्याचं घर हेच का?"

"हाव. तू कोन बाप्पा?"

"काय आत्या! नाई ओळखलं?"

त्यानं एवढंच विचारलं. पुढचं सगळं काम मी केलं.

"शंकरदादाचा का तू?"

"त्याईचाच."

"धाकटा?"

"धाकटाच."

"प्रल्हाद! मामाकडं शिकाले होता तो?"

"तोच मी. आलो शिकून."

"अवो माय! लय उंच झाला रे!"

"झालो आत्या," तो नम्रपणे म्हणाला.

मी त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अगदी आमच्या घराण्याचं नाक! (ते कुणाच्याही घराण्याचं असू शकलं असतं. साधं नाक होतं.) पाटावर बसवला. रस केला, पोळ्या लाटल्या, कुरडया तळल्या. आणि हात चालत असताना माझं तोंड कधी बंद असतं का? माहेरच्या घराचं तोंड मारुतीच्या पाराकडं, परसातली विहीर, तिचं गोड पाणी, कपिला गाय, सगळं सगळं सांगून टाकलं. तो आपला "हाव आत्या, हाव आत्या" करत ऐकत होता. मला वाटलं, पोरगा किती मायाळू!

मग त्यानं पिशवी उघडली. आत पाकिटंच पाकिटं! बीटी! ज्याच्यासाठी आमचे हे रांगेत वाळत होते तेच!

"मी कंपनीत हाये आत्या. दुकानात भेटत नाई हे. घरच्या मान्सायसाठी आनलं. पावती गिवती नाई हां, पन भाव निम्मा."

मला तर साक्षात लक्ष्मी कुरडई खाताना दिसली. धावत कुंपणाशी गेले. पलीकडं शकीलाबी राहते. तिचे यजमान रहीमभाई गाद्या भरतात आणि दोन एकर कापूसही पेरतात. तिला ओरडून सांगितलं, "शकीलाबी, बीटी घरी आलं! माह्या भाच्यानं आनलं!"

"पावती देऊन राह्यला का?"

"माहेरच्या मान्साले पावती मांगते का कोनी? माही ग्यारंटी!"

शकीलाबीनं मान हलवली आणि पैसे आणायला आत गेली. माझ्या शब्दावर, बरं का! मीही डब्यातले पैसे काढून पदरात बांधले. लगेच दिले नाहीत, कारण माहेरचा माणूस जेवल्याशिवाय त्याच्याशी देण्याघेण्याचं बोलायचं नाही ही आमची रीत. त्या रीतीचे पाय धरावेत असं मला पुढं वाटलं.

तो दुसऱ्यांदा रस मागतो आहे, आणि दारात पुन्हा हाक.

"आत्या, हाये का घरात?"

बाहेर पाहते तर घामानं निथळणारा, धुळीनं माखलेला एक काळासावळा पोरगा. डोक्यावर आंब्यांची पाटी.

"कोन रे तू?"

"मी प्रल्हाद. उंद्रीचा. शंकररावचा धाकटा."

मी आत पाहिलं. आतला प्रल्हाद कुरडई मोडत होता. मी बाहेर पाहिलं. बाहेरचा प्रल्हाद घाम पुसत होता. आता, मी काही अगदीच बावळट नाही. माझ्या लगेच लक्षात आलं, यांतला एक ठग आहे! (आणि कोणता, हेही मी लगेच ठरवलं. ज्यानं माझा रस खाल्ला तो ठग कसा असेल?)

पऱ्हाटीच्या ढिगातली एक काडी उपसून हातात घेतली. "तिथंच थांब! सांग, आपल्या घराचं तोंड कुठीकडं हाये?"

"रोडकडं."

"चूक!" मी गरजले. आत वळून विचारलं, "तू सांग रे!"

"मारुतीच्या पाराकडं, आत्या," आतून आवाज आला.

"बरोबर! आता सांग, विहीर कुठं हाये?"

"विहीर बुजवली ना आत्या. तिथं हापशी बसवली."

"परसात हाये," आतला म्हणाला. "पानी काय गोड हो!"

"कपिला गाय?"

बाहेरचा गोंधळला. "गाय? आमच्या घरी तं बकऱ्या हायेत."

"कपिला मजेत हाये आत्या. लय दूध देते," आतला म्हणाला.

कपिला माझ्या लग्नाआधीची गाय! ती त्या दिवशी दूध देत असती, तर जिल्ह्यातून लोक तिच्या दर्शनाला आले असते. पण मला काही ते सुचलं नाही. मला फक्त एवढंच कळलं, की आतल्या पोराला माझं माहेर जसंच्या तसं माहीत आहे, आणि बाहेरचा मेला माझी विहीर बुजवून बसला आहे!

आतला हात धुऊन बाहेर आला आणि मोठ्या काळजीनं म्हणाला, "आत्या, असे लोक लय फिरून राह्यले आजकाल. मान्सानं सावध राहावं. याले पोलीस पाटलाकडं द्या."

"काऊन? मी काय केलं?" बाहेरचा रडकुंडीला आला. "ताईचं लग्न हाये, बाबानं तुमाले न्याले पाठवलं. हे आंबे बी त्याईनंच देल्ले."

"गप बस! पहाय बरं कसा पाठ करून आला!"

त्याला पऱ्हाटीच्या ढिगाशी उन्हात बसवला. आणि पाहुण्याला निरोप द्यायचा म्हणून आतल्याला कुंकू लावलं, खांद्यावर नवा टॉवेल टाकला, डोक्यावर नवी टोपी घातली. शंकरदादासाठी कुरडयांचं गाठोडं दिलं. आता फक्त पदराची गाठ सोडायची राहिली होती.

तेवढ्यात शकीलाबी आली, मुठीत पैसे धरून. तिनं टोपीवाल्याकडं पाहिलं, उन्हातल्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या काडीकडं पाहिलं.

"हे काय चालू हाये उंद्रीवाली?"

मी सगळं सांगितलं. कोणते प्रश्न विचारले, कोण पास, कोण नापास.

"आन् हे विहीर, गाय, याले सकाळी कोनी सांगतलं?"

"कोनी म्हंजे? मीच सांगतलं!"

शकीलाबीनं पैशांची मूठ आणखी घट्ट केली. मग ओट्यावर ऐसपैस बसली आणि टोपीवाल्याला गोड आवाजात म्हणाली, "काहो पाव्हणे, उंद्रीवालीचे ते बहिरे काका कसे हायेत? लय याद काढते ही त्याईची."

मी तोंड उघडलं, की अगं, कोण बहिरे काका? तर शकीलाबीनं माझ्या पायाच्या अंगठ्यावर असा पाय दिला की माझा आवाज घशातच राहिला.

"काका ना?" टोपीवाला हसला. "बरे हायेत. थकले जरासे. आत्याची लय आठवन काढतात. परवाच म्हंत होते, मरायच्या आधी पोरीले एकदा पाहाचं हाये."

आता काय सांगू तुम्हाला! मला बहिरे काका नाहीत, कधीच नव्हते, हे पक्कं ठाऊक असूनही माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं!

"आन् तू सांग रे," शकीलाबी उन्हातल्या पोराकडं वळली. "कसे हायेत बहिरे काका?"

"कोन बहिरे काका?" तो पोरगा आता चिडलाच होता. "आमच्या घरी बहिरं कोनीच नाई! तुमी लोकं काऊन मले येडं करून राह्यले?"

शकीलाबी उठली. पैसे कमरेला खोचले, माझ्या हातातली काडी काढून घेतली आणि टोपीवाल्याकडं वळून म्हणाली, "चाल बे, त्या बहिऱ्या काकाले भेटून येऊ. अवो, आयकता का! इकडं या जरा!"

रहीमभाई यायच्या आत तो कुंपणावरून उडी मारून पसार. रस्त्यावर उभ्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये चढताना शेवटचा दिसला, तो कपाळावर माझं कुंकू, डोक्यावर माझी टोपी आणि काखेत माझ्या कुरडया! पिशवी मात्र मागं राहिली. रहीमभाईंनी एक पाकीट फोडून दाणे तळहातावर चोळले, तर हात लालभडक. जिनिंगमधली, म्हणजे कापूस काढून घेतल्यावर उरलेली साधी सरकी, वरून रंग दिलेला. हे आमच्या आणि शकीलाबीच्या शेतात पडलं असतं तर? मी ओट्यावर बसून पदराची गाठ चाचपून पाहिली.

शकीलाबी माझ्याशेजारी बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसत होती. "उंद्रीवाली, तू सवालबी करते आन् जवाबबी तूच देते. त्या पोट्ट्याले नुसतं हाव म्हनाचं काम होतं."

माझ्या शब्दावर ती घर बुडवायला निघाली होती, आणि एका शब्दानं मला टोचलं नाही. त्या बाईचे उपकार मी कधी फेडू शकले नाही. फेडायची इच्छाही नाही. उपकार अंगावर असले की रोज तिच्याकडं जायला निमित्त राहतं.

आणि खरा प्रल्हाद? मी त्याचे हात धरले, तर म्हणतो कसा, "जाऊ द्या आत्या. मारलं नाई हेच लय झालं. रस उरला का पन?"

रस उरला नव्हता. त्यानंच आणलेल्या आंब्यांचा करून त्याला वाढला. संध्याकाळी आमचे हे चिखलीहून दुकानातलं, पावतीसकट एक पाकीट मिळवून आले, तर दारात एक अनोळखी पोरगा यांचीच धुतलेली टोपी घालून बसलेला. (नवी गेली होती ना!) त्यांना सगळं समजावता समजावता माझ्या घशाला कोरड पडली.

मग मी लग्नाला उंद्रीला गेले. घराचं तोंड खरंच रोडकडं झालं होतं. विहिरीच्या जागी हापशी. शंकरदादानं स्वतः हापसून मला पाणी प्यायला दिलं. तेवढं गोड नव्हतं, पण मी दोन तांबे प्यायले. माझ्या आठवणीतलं माहेर एका ठगानं मला जसंच्या तसं परत दिलं होतं, आणि खरं माहेर डोक्यावर आंबे घेऊन दारात उभं होतं. त्याला मी उन्हात बसवलं! तरी ते थांबलं, परत गेलं नाही. देवाचे, दादाचे आणि त्या पोराच्या चिवटपणाचे आभार कोणत्या तोंडानं मानू?

आता ठग दारात येत नाहीत, फोनमधून येतात. पण बोलणं तेच. "काकू, ओळखलं का?" पूर्वी मी लगेच दहा नावं सुचवली असती. आता सरळ म्हणते, "नाई ओळखलं. तूच सांग." कुणी म्हणतो बँकेतून बोलतो, खातं बंद पडेल, फोनवर आलेला नंबर सांगा. मी म्हणते, "सांगते ना बाप्पा, पन आधी सांग, बहिरे काका कसे हायेत?" काही जण गडबडून फोन ठेवतात. एकानं मात्र तब्येत चांगली असल्याचं कळवलं!

परवा आमचे हे चिखलीला गेले होते. यांचा फोन बंद पडला, म्हणून कुणा भल्या माणसाच्या फोनवरून मला लावला. नंबर अनोळखी, मागं स्टँडवरचा गलका, आवाज घोगरा.

"अवो, मी बोलून राह्यलो. शेवटची गाडी गेली. पोराले मोटरसायकल घेऊन पाठव."

मी काय कच्ची आहे? म्हटलं, "आधी सांगा, बहिरे काका कसे हायेत?"

हे दिवसभर ऊन खाऊन वैतागलेले. ओरडले, "बरे हायेत! तुले बलावून राह्यले!"

मी ताबडतोब फोन कट केला आणि तो नंबर कायमचा बंद करून टाकला. हे मालाच्या गाडीवर, कांद्याच्या पोत्यांवर बसून घरी आले. तेव्हापासून यांना मला काही कळवायचं असलं, की हे शकीलाबीला फोन करतात.