सेविकाताईंची चिनी कवायत

माणसाला थकायची परवानगीच नाही, असं मानणारी एकच बाई मला आयुष्यात भेटली, आणि तीही नेमकी यवतमाळला, डायलिसिसच्या वॉर्डात, माझ्या उजवीकडच्या खाटेवर. दारव्ह्याकडच्या एका अंगणवाडीत सारी नोकरी काढलेल्या या सेविकाताईंची हजेरी घ्यायची सवय काही सुटली नव्हती. कोण आलं, कोण आलं नाही, मधल्या दिवसांत कोणी चोरून पाणी जास्त प्यायलं, हे त्या चेहऱ्यावरच्या सुजेवरून ओळखत आणि चारचौघांत विचारत. मी तेव्हा पार गळून गेले होते. सुया निघाल्यावर दारव्ह्याच्या काळीपिवळी जीपमध्ये चढायचं म्हटलं की ड्रायव्हर मला सोयाबीनच्या पोत्यासारखं आत ढकलायचा. आपल्या पायांनी जीपमध्ये चढता यावं, एवढंच माझं मागणं होतं. ते मी ताईंजवळ बोलून बसले आणि तिथेच फसले.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा अशक्तांसाठी काही चिनी व्यायाम आणि पाय दाबायची रीत कागदावर दिली होती. बाकीच्यांनी कागद औषधांच्या पिशवीत घातला, ताईंनी पाठ केला. नावं मात्र त्यांना पसंत पडेनात, म्हणून त्यांनी नवं बारसं केलं. धनुष्य ओढून ससाण्यावर नेम धरायचा होता, त्याची गोफण झाली. आभाळ दोन्ही हातांनी तोलायचं, तो गवताचा भारा. मान वळवून मागे बघायचं, ते 'वासरू येते का पाहा'. मशीन लागायच्या आधी बाहेरच्या बाकांपाशी हे इतकं सावकाश चाले, की एकदा कोणाच्या तरी नातेवाइकाने आम्हा सगळ्यांना एकदमच चक्कर आली असं समजून सिस्टरला बोलावून आणलं. मी अर्ध्यातच बसकण मारली की ताई शांतपणे म्हणत, "थकाले मले बी येते, मॅडम. पन गोफण फिरवल्याबिगर पाखरं उडत नाई." मग ज्या हातात सुया टोचत तो हात जपून, दुसऱ्या हाताचा अंगठा गुडघ्याखाली चार बोटं सोडून रोवत त्या एकेकीचे पाय दाबत. त्यांचे पाय कोण दाबतं, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

मागच्या सोमवारी मशीन चालू असताना ताईंच्याच पायात गोळा आला. सिस्टर पलीकडच्या टोकाला एका पेशंटपाशी अडकलेली. ताईंनी चादर दातांत धरली, पण हाक मारेनात. सिस्टरला हाक मी मारली. ताईंचा हात मशीनला बांधलेला, माझाही. मग मी कशीबशी सरकले, पाय खाटेबाहेर काढला, माझा तळपाय त्यांच्या तळपायाला लावला आणि त्यांची बोटं मागे रेटून धरली. मांडी थरथरत होती, तरी सिस्टर येईपर्यंत सोडलं नाही.

गोळा उतरल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "जोर आला तुमाले. मले वाटे, घरी तुमी करतच नाई."

मी घरी खरंच काही करत नव्हते. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

त्या दिवशी जीपमध्ये मी माझ्या पायांनी चढले. ताईंना ड्रायव्हरने धरून चढवलं. त्या समोरच्या बाकावर बसल्या, आणि दारव्हा येईपर्यंत मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन दाबत राहिले. त्यांनी एकदाही हजेरी घेतली नाही, कोणाला गोफण मारायला सांगितलं नाही, नुसते डोळे मिटून घेतले. ताई थकल्या होत्या, आणि मी त्यांना थकू दिलं.